द्विक्रीडापटू स्त्रिया

दोन भिन्न खेळांत वरिष्ठ दर्जाचे, विशेषतः आंतरराष्ट्रीय पातळीवरचे, प्रावीण्य संपादन करणाऱ्या खेळाडूस द्विक्रीडापटू म्हणतात. पुरुष खेळाडूंच्या बाबतीत ही गोष्ट जुनी व परिचित आहे. हिवाळ्यात फुटबॉल वा हॉकी आणि उन्हाळ्यात क्रिकेट असा क्रम इंग्लंडमधील शाळा-महाविद्यालयांतून एकोणिसाव्या शतकातच रूढ झाला होता. स्त्रियांच्या बाबतीत मात्र दोन खेळांचे प्रावीण्य हा हौसेपेक्षा परिस्थितीचा भाग होता. स्त्रियांसाठी खुले असलेले खेळ थोडे, त्यांचे सामने त्याहून थोडे आणि खेळणाऱ्या स्त्रिया मूठभर. त्यामुळे जी मुलगी धावण्यात पुढे असे तीच हॉकीच्या संघात घेतली जाई आणि जिचा हात चेंडूवर बसलेला असे तिलाच बॅट दिली जाई. महाराष्ट्रात या परंपरेचे ठळक उदाहरण म्हणजे मुंबईच्या मेरी डिसोझा (विवाहोत्तर आडनाव सिक्वेरा) व त्यांच्या पाठोपाठ पुण्याच्या स्टेफी डिसोझा. दोघींनीही मैदानी शर्यती व हॉकी या दोन्ही क्षेत्रांत भारताचे प्रतिनिधित्व केले. वऱ्हाडात अमरावती-अकोला परिसरात ही परंपरा वेगळ्या वाटेने, म्हणजे आखाडा व शारीरिक शिक्षणाच्या संस्था यांच्याद्वारे, आली. तिच्यात पुढे हॉकीबरोबर सॉफ्टबॉल या खेळाचीही भर पडली.

पार्श्वभूमी : स्त्रियांच्या हॉकीचे पहिले संघटन इंग्लंडमध्ये झाले. १८९५ मध्ये तेथील स्त्री-खेळाडूंनी आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली. पुरुषांच्या हॉकी संघटनेने त्यांना संलग्न करून घेण्यास नकार दिला होता. या नकाराचा परिणाम दूरगामी ठरला. स्त्रियांची हॉकी पुढे सु. ऐंशी वर्षे पुरुषांच्या हॉकीपासून वेगळी वाढली. तिचे पंच, तिचे नियम व तिच्या आंतरराष्ट्रीय गाठीभेटी स्वतंत्र राहिल्या. १९२७ मध्ये स्त्रियांच्या हॉकी संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. त्याच्या वतीने काही वर्षांच्या अंतराने संमेलनवजा स्पर्धा भरत. त्यांत अनेक देशांचे संघ एकमेकांशी खेळत. परंतु अजिंक्यपद ठरविले जात नसे व पदकेही दिली जात नसत. खेळ हा मैत्रीसाठी असावा, चढाओढीसाठी नव्हे, ही त्यामागील भूमिका होती. हेतू उदात्त असला, तरी त्यामुळे या स्पर्धांत खेळलेल्या स्त्रियांच्या नावावर कोणतेही पदक लागले नाही व त्यांची कामगिरी क्रीडाविषयक कोष्टकांतून वगळली गेली. ऑलिंपिक सामन्यांत पुरुषांची हॉकी १९०८ पासून, तर स्त्रियांची हॉकी १९८० पासून आहे. या ७२ वर्षांच्या अंतरात खेळलेल्या स्त्रियांचे मूल्यमापन करताना ही वस्तुस्थिती ध्यानी घ्यावी लागते.

या काळात दोन खेळ खेळणाऱ्या स्त्रियांची उदाहरणे पाश्चात्त्य देशांत आढळतात. इंग्लंडच्या मार्जरी पोलार्ड या राष्ट्रीय हॉकी संघातून खेळत आणि १९२६ मध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या क्रिकेट संघटनेच्या संस्थापकांपैकी एक होत्या. दोन्ही खेळांसाठी त्यांनी नियतकालिकेही चालविली. अमेरिकेच्या बेब डिड्रिक्सन यांनी १९३२ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिक सामन्यांत भालाफेक व ८० मी. अडथळ्यांची शर्यत यांत सुवर्णपदके आणि उंच उडीत रौप्यपदक मिळविले. त्या बास्केटबॉलमध्येही निपुण होत्या व नंतर गोल्फमध्ये त्या जगातील अग्रगण्य खेळाडू ठरल्या. या दोघींच्या मागे निदान स्थिर अशा क्रीडासंस्था होत्या. भारतात स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास तशी स्थिती नव्हती.

भारतात हॉकीचा प्रसार लष्करी छावण्या, रेल्वे वसाहती व मिशनरी शाळा यांमधून झाला. मुलींपर्यंत तो मुख्यतः कॉन्व्हेंट शाळांतून पोहोचला. त्यामुळे प्रारंभीच्या स्त्री-हॉकीपटूंत अँग्लो-इंडियन, गोमंतकीय व इतर ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांतील मुलींचे प्रमाण मोठे दिसते. मुंबईत वांद्रे, माझगाव, भायखळा आणि पुण्यात लष्कर विभाग ही या खेळाची स्वाभाविक केंद्रे होती. मुलींनी आखूड कपड्यांत उघड्या मैदानावर खेळावे, ही कल्पना इतर समाजांत अद्याप रुजावयाची होती. या सामाजिक मर्यादेमुळे खेळाडूंची संख्या थोडी राहिली व त्याच त्या मुली निरनिराळ्या खेळांत दिसू लागल्या.

मेरी डिसोझा : यांचा जन्म १८ जुलै १९३१ रोजी झाला. मुंबईतील वांद्रे येथील एका मोठ्या ख्रिस्ती कुटुंबात त्या वाढल्या. पद्धतशीर प्रशिक्षणाचा लाभ त्यांना मिळाला नाही. उपजत वेग, मैदानाची आवड व वांद्र्याच्या परिसरातील खेळाचे वातावरण एवढ्याच भांडवलावर त्या पुढे आल्या. मार्च १९५१ मध्ये नवी दिल्ली येथे पहिले आशियाई क्रीडासामने भरले. त्यांत त्यांनी २०० मी. धावण्याच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले आणि ४ × १०० मी. साखळी शर्यतीत रौप्यपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात त्यांचा समावेश होता. याच संघातील रोशन मिस्त्री यांनी १०० मी. शर्यतीत वैयक्तिक रौप्यपदक पटकाविले. या सामन्यांत जपानच्या धावपटू सर्वांत पुढे होत्या. स्वतंत्र भारताच्या स्त्री-धावपटूंनी आंतरराष्ट्रीय सामन्यांत मिळविलेले हे पहिले मोठे यश होय.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिक सामन्यांसाठी त्यांची निवड झाली. भारतीय पथकात चार स्त्रिया होत्या : धावपटू नीलिमा घोष व मेरी डिसोझा आणि जलतरणपटू डॉली नाझीर व आरती साहा. स्वतंत्र भारताच्या वतीने ऑलिंपिक सामन्यांत उतरलेल्या या पहिल्या स्त्रिया होत. निवड झाली, तरी प्रवासखर्चाची तरतूद ही खेळाडूंची स्वतःची बाब मानली जाई. मेरी डिसोझा यांच्यासाठी वांद्र्यातील मित्रमंडळींनी व शेजाऱ्यांनी नृत्याचे व पत्त्यांच्या खेळाचे कार्यक्रम करून पैसे उभे केले. मुंबई राज्य शासनाकडूनही साहाय्य मिळाले. याच सामन्यांसाठी खाशाबा जाधव यांना कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले होते, ही हकिकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. जाधवांनी कांस्यपदक मिळविल्याने त्यांच्या खर्चाची कथा लोकांच्या स्मरणात राहिली. मेरी डिसोझा रिकाम्या हाती परतल्याने त्यांच्यासाठी शेजाऱ्यांनी उभारलेल्या निधीची आठवण मागे पडली. वस्तुतः दोन्ही प्रसंगांतून एकच गोष्ट दिसते : त्या काळी ऑलिंपिक सामन्यांचा मार्ग राष्ट्रीय संघटनेच्या तिजोरीतून नव्हे, तर गावातील व वस्तीतील माणसांच्या खिशांतून जात असे.

हेलसिंकी येथे मेरी डिसोझा १०० मी. व २०० मी. या दोन्ही शर्यतींत पहिल्या फेरीतच बाद झाल्या. या दोन्ही शर्यतींची सुवर्णपदके ऑस्ट्रेलियाच्या मार्जरी जॅक्सन यांनी जिंकली. त्यांची १०० मी. अंतराची वेळ ११·५ सेकंद होती. जागतिक दर्जा व भारतीय दर्जा यांत त्या वेळी मोठी तफावत होती. तीमागे गुणवत्तेपेक्षा प्रशिक्षण, धावपट्टी, पादत्राणे व आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा सराव यांचा अभाव ही कारणे अधिक होती. त्या काळी स्त्रियांसाठी ऑलिंपिकमधील सर्वांत लांब शर्यत २०० मीटरांचीच होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. ज्यांची शारीरिक क्षमता मध्यम अंतराला अनुकूल असे, त्यांनाही लघू अंतराच्याच शर्यतींत उतरावे लागे.

हॉकीतील कामगिरी : हेलसिंकीनंतर दुसऱ्याच वर्षी, १९५३ मध्ये, मेरी डिसोझा भारताच्या स्त्री-हॉकी संघातून इंग्लंडमधील फोकस्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या. या स्पर्धेमुळे भारतीय स्त्रियांच्या हॉकीचा जगाशी संबंध आला. पुरुषांच्या संघाने तोवर १९२८ पासून सलग पाच ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली होती. भारत म्हणजे हॉकी असे समीकरण जगभर रूढ झाले होते. परंतु त्याच देशातील स्त्रियांना ऑलिंपिकचे दार बंद होते. १९५६ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे झालेल्या पुढील आंतरराष्ट्रीय स्पर्धेतही त्या भारतातर्फे खेळल्या. हॉकी व मैदानी शर्यती या दोन्हींत भारताचे प्रतिनिधित्व करणाऱ्या पहिल्या स्त्री-खेळाडू म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

दोन खेळांचा हा मेळ आकस्मिक नव्हता. त्या काळच्या हॉकीत गवताच्या मैदानावर ३५ मिनिटांचे दोन डाव खेळले जात. बदली खेळाडूंची आजच्यासारखी मोकळीक नसल्याने खेळाडूस सलग धावावे लागे. बगलेवरून चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूस पहिल्या वीस-तीस मीटरांतील वेग निर्णायक ठरे व तोच गुण १०० मी. शर्यतीच्या आरंभी उपयोगी पडे. उलट, हॉकीतील वाकून धावण्याची सवय सरळ शर्यतीतील पावलाच्या लांबीस मारक ठरते आणि घोटा व मांडीचा मागील स्नायू यांच्या दुखापतींचा धोका वाढतो. म्हणून आधुनिक प्रशिक्षक ठराविक वयानंतर एकाच खेळाचा आग्रह धरतात. मेरी डिसोझा यांच्या पिढीला असा आग्रह धरणारा प्रशिक्षकच नव्हता. त्यांचे स्वातंत्र्य व त्यांची उपेक्षा या दोन्ही गोष्टी एकाच कारणातून आल्या.

मनिला व त्यानंतर : मे १९५४ मध्ये मनिला येथे दुसरे आशियाई क्रीडासामने झाले. ४ × १०० मी. साखळी शर्यतीत क्रिस्टीन ब्राऊन, स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स व मेरी डिसोझा यांच्या संघाने ४९·५ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. आशियाई सामन्यांतील भारतीय स्त्रियांचे हे पहिले सुवर्णपदक होय. तीन वर्षांपूर्वी दिल्लीत पुढे असलेल्या जपानला त्यांनी मागे टाकले. १९५२ मध्ये हेलसिंकी, १९५३ मध्ये फोकस्टन व १९५४ मध्ये मनिला अशा सलग तीन वर्षांत तीन देशांत दोन भिन्न खेळांत भारताचे प्रतिनिधित्व करण्याचा हा योग दुर्मिळ आहे.

या यशानंतर १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिक सामन्यांत साखळी शर्यतीचा संघ पाठविला जाईल, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. प्रत्यक्षात तो पाठविला गेला नाही. भारतातर्फे धावण्याच्या शर्यतींत मेरी लीला राव या एकमेव स्त्री-खेळाडू उतरल्या. मेलबर्न येथे ऑस्ट्रेलियाच्या संघाने ही शर्यत ४४·५ सेकंदांत जिंकली. मनिलातील भारतीय संघाची वेळ तिच्याहून पाच सेकंदांनी मागे होती. पदकाची आशा त्यामुळे धरता आली नसती, हे खरे. परंतु आशियाई विजेत्या संघास जागतिक स्पर्धेचा अनुभव मिळण्याची संधी हुकली आणि भारतीय स्त्रियांच्या साखळी शर्यतीची परंपरा ऐन उमेदीच्या काळात खंडित झाली. मेरी डिसोझा यांचे ऑलिंपिक जीवन हेलसिंकी येथेच संपले.

त्यांच्या कामगिरीची राष्ट्रीय पातळीवर दखल घेतली जाण्यास पुष्कळ काळ लागला. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्यांचा ऐन बहराचा काळ उलटून गेला होता. पहिल्याच वर्षी हॉकीसाठी हा पुरस्कार कलकत्त्याच्या ॲन लम्सडेन यांना मिळाला. अर्जुन पुरस्कार मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. निवृत्त खेळाडूंच्या आजीवन कामगिरीसाठी २००२ पासून ध्यानचंद पुरस्कार देण्यात येऊ लागला. २०१३ मध्ये, मनिलातील सुवर्णपदकानंतर ५९ वर्षांनी, तो मेरी डिसोझा-सिक्वेरा यांना प्रदान करण्यात आला.

स्टेफी डिसोझा : (२६ डिसेंबर १९३६–११ सप्टेंबर १९९८). मेरी डिसोझा यांच्या मनिलातील सहकारी. हॉकीतही त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. त्यांची कारकीर्द अधिक काळ टिकली. १९५८ च्या टोकिओ आशियाई सामन्यांत त्यांनी २०० मी. शर्यतीत रौप्यपदक व साखळी शर्यतीत कांस्यपदक मिळविले. १९६३ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला; मैदानी खेळांसाठी हा पुरस्कार मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री-खेळाडू होत. १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांसाठी ४०० मी. शर्यत प्रथमच सुरू झाली, तीत त्या सहभागी झाल्या. जमशेटपूर येथे त्यांचे निधन झाले. मेरी व स्टेफी यांच्या वयांत केवळ पाच वर्षांचे अंतर होते. परंतु पुरस्कारांची व्यवस्था मधल्या काळात अस्तित्वात आल्याने एकीला तो सत्तावीसाव्या वर्षाच्या आत, तर दुसरीला ब्याऐंशी वर्षांच्या वयात सन्मान लाभला.

वऱ्हाडातील परंपरा : अमरावती व अकोला हे जिल्हे १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेश राज्यात होते. त्यामुळे तेथील खेळाडूंचा संबंध मुंबईपेक्षा नागपूरशी अधिक येई. येथे क्रीडाजीवनाचा पाया जिमखान्यांनी नव्हे, तर आखाड्यांनी घातला. अंबादासपंत व अनंत कृष्ण या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावती येथे स्थापन केलेल्या आखाड्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही संस्था उभी राहिली. मल्लखांब, लाठी, लेझीम, कुस्ती, कबड्डी यांच्या जोडीला पाश्चात्त्य खेळांनाही तिने स्थान दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी या संस्थेच्या पथकाने तेथे देशी खेळांची व व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. १९६७ मध्ये संस्थेने शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय सुरू केले. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ मध्ये स्थापन केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेमुळे ग्रामीण वऱ्हाडात शाळा-महाविद्यालयांचे जाळे पसरले. १९६९ मध्ये अकोला येथे कृषी विद्यापीठ व १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन झाल्यावर आंतरविद्यापीठ सामन्यांसाठी या भागाचे स्वतंत्र संघ उभे राहू लागले.

मुंबईच्या व वऱ्हाडच्या परंपरांतील भेद येथे स्पष्ट होतो. मुंबईत खेळ ही शाळेतील व वस्तीतील फावल्या वेळची गोष्ट होती. वऱ्हाडात ती अभ्यासक्रमाचा व पुढे उपजीविकेचा भाग बनली. शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी विद्यार्थिनीला एकच खेळ शिकून भागत नाही. अनेक खेळांचे नियम, मैदानाची आखणी, पंचगिरी व प्रत्यक्ष कौशल्य तिला आत्मसात करावे लागते. हॉकी व सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ खेळणारी विद्यार्थिनी ही या अभ्यासक्रमाची स्वाभाविक निष्पत्ती होय. शाळेत क्रीडाशिक्षिकेची नोकरी मिळविण्यासाठीही अनेक खेळांचे ज्ञान उपकारक ठरते.

सॉफ्टबॉल हा बेसबॉलपासून निघालेला खेळ १८८७ मध्ये शिकागो येथे बंदिस्त जागेत खेळण्यासाठी सुरू झाला. भारतात त्याचा राष्ट्रीय महासंघ १९६१ मध्ये स्थापन झाला. स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा १९६५ मध्ये मेलबर्न येथे झाली व ती ऑस्ट्रेलियाने जिंकली. प्रत्येक संघात नऊ खेळाडू व सामन्यात सात डाव असतात. चेंडू खांद्याखालून फेकला जातो. दोन तळांमधील अंतर १८·२९ मी. असते आणि आंतरराष्ट्रीय स्त्री-सामन्यांत चेंडूफेक १३·११ मीटरांवरून होते. अंतर थोडे असल्याने फलंदाज मुलीस निर्णयासाठी अर्ध्या सेकंदाहूनही कमी अवधी मिळतो. दोन्ही हातांनी दांडा धरून येणाऱ्या चेंडूचा अंदाज घेणे, कंबरेच्या वळणातून फटक्यास जोर देणे व लगेच आखूड अंतर वेगाने धावणे ही कौशल्ये हॉकी व सॉफ्टबॉल यांना समान आहेत. हॉकीसाठी मोठे, सपाट व १९७६ नंतर उच्च पातळीवर कृत्रिम पृष्ठाचे मैदान लागू लागले. सॉफ्टबॉल मात्र शाळेच्या साध्या पटांगणावरही खेळता येतो. कृत्रिम मैदानांच्या अभावी जेथे हॉकीची वाढ खुंटली, तेथे सॉफ्टबॉल खेळाडूंना दुसरा पर्याय देऊ शकतो, हे त्याचे महत्त्व आहे.

उत्तरकाल : १९७४ मध्ये फ्रान्समधील मांदेल्यू येथे स्त्रियांची पहिली विश्वचषक हॉकी स्पर्धा झाली, तीत भारत चौथा आला. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिक सामन्यांतही भारतीय संघास चौथे स्थान मिळाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई सामन्यांत पुण्याच्या एलायझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकले व पुढील वर्षी त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला. याच सुमारास स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय महासंघ पुरुषांच्या महासंघात विलीन झाला. सॉफ्टबॉल १९९६ ते २००८ या काळातील चार ऑलिंपिक सामन्यांत व नंतर टोकिओ येथे खेळला गेला. २०२८ च्या लॉस अँजेल्स सामन्यांतही त्याचा समावेश निश्चित झाला आहे.

स्पर्धा वाढल्या, तशी द्विक्रीडापटूंची संख्या घटली. वर्षभर चालणारी प्रशिक्षण शिबिरे, निवडचाचण्या व निवासी क्रीडा प्रबोधिन्या यांमुळे खेळाडूस लहान वयातच एक खेळ निवडावा लागतो. अकोला येथील क्रीडा प्रबोधिनीत मुष्टियुद्धाच्या प्रशिक्षणाने जे यश आले, ते अशा एकाग्रतेचेच फळ आहे. महाराष्ट्र शासनाने १९६९-७० पासून सुरू केलेले शिवछत्रपती पुरस्कार व २००५ पासून शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ठेवलेले पाच टक्के आरक्षण यांचा लाभही विशिष्ट खेळातील प्रमाणित कामगिरीवर अवलंबून असतो. प्रवासखर्चासाठी शेजाऱ्यांपुढे हात पसरण्याची पाळी निवडलेल्या खेळाडूवर सहसा येत नाही, हा या व्यवस्थेचा मोठा लाभ होय. मात्र तिच्यात कामगिरी मोजण्याचे माप पदक हेच आहे. ज्या पिढीच्या एका खेळात पदकेच दिली जात नव्हती, तिचे निम्मे कर्तृत्व या मापात बसत नाही. मेरी डिसोझा यांच्या नावापुढे कोष्टकांत आशियाई सामन्यांतील तीन पदके आढळतात. फोकस्टन व सिडनी येथील सामन्यांसाठी त्यांत रकाना नाही.